चारच दिवस थांबलीस?

माझा आवाज मोठा होता. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या जेटीवर मी सव्वीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारला. ट्रॉलरची इंजिनं, बर्फ फोडायचं मशीन, कावळे, बायकांची भांडणं, या सगळ्यांच्या वरून माझा आवाज जायचा. आता जात नाही. घशात बरेच दिवस नळी होती, तेव्हा बसला तो बसलाच. म्हणून जे तोंडाने ओरडून सांगितलं असतं ते लिहून काढतोय. लिहायची सवय नाही. शुद्धलेखन पुतणीने तपासलंय, बाकी चुका माझ्या.

हे कोणासाठी, तेही सांगतो. आयसीयूच्या बाहेर खुर्च्या असतात ना, त्यांच्यावर आज जे कोणी बसले असतील त्यांच्यासाठी. आत झोपलेल्या माणसाची सगळे चौकशी करतात. बाहेर बसलेल्याच्या तोंडून मात्र एखादं वाक्य निघून जातं, आणि मग ते घरात कायमचं राहायला येतं. आमच्याकडे तसं एक आलं.

पित्त नव्हतं ते

दोन दिवस छातीत जळजळत होतं. मी पित्त समजून कोकम पीत राहिलो. शैला, माझी बायको, ओरडत होती की डॉक्टरकडे चला. मी म्हटलं, सुरमईचे दिवस आहेत, मरायला वेळ नाही. असं बोलू नये म्हणतात ते खरं आहे.

तिसऱ्या दिवशी लिलाव चालू असतानाच घाम फुटला आणि हातातली वही पडली. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून बघितली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता कोल्हापूर गाठा. ॲम्ब्युलन्स पालीवरून गेली. पालीच्या बाजारात शैला मासे विकायला बसते, तिची जागा ठरलेली आहे. गाडी तिथून गेली तेव्हा तिने खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाली, माझ्या जागेवर कोण बसलंय बघा. मी आडवा, मी काय बघणार? पण तिचं ते बोलणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोललोय असं फार काळ झालं नाही.

शेवटचं आठवतं ते थंडगार टेबल, डोक्यावर दिवे, आणि एक सिस्टर मला नाव विचारतेय. नाव सांगितलं की नाही तेही माहीत नाही. तिथून पुढे सहा दिवस मी नाही.

जे झालं ते इतरांकडून गोळा केलेलं आहे. टेबलावरच हृदय बंद पडलं. त्यांनी छाती दाबायला सुरुवात केली, शॉक दिले, पुन्हा दाबली. आळीपाळीने माणसं बदलून दाबत होते. तरी सुरू होईना. तेव्हा जांघेतून जाड नळ्या घालून मला एका मशीनला जोडलं. ते मशीन अंगातलं रक्त बाहेर घेतं, त्यात हवा मिसळतं आणि परत आत सोडतं. माझं हृदय नुसतं थरथरत पडलेलं आणि बाजूला मशीन माझं काम करतंय, असे ते दिवस. डॉक्टरांनी शैलाला सांगितलं की हृदय कदाचित सावरेल, मेंदूचं आत्ता काही सांगता येत नाही, गुंगीची औषधं उतरू देत, थांबा.

थांबा. या एका शब्दावर ती आणि माझा धाकटा भाऊ प्रकाश त्या खुर्च्यांवर बसले.

बर्फाचा तुकडा

सहाव्या दिवशी मी म्हणे पायाचा अंगठा हलवला. मला आठवतं ते त्याच्या नंतरचं. हात बांधलेले, तोंडात नळी, आणि छातीत प्रत्येक श्वासाला कळ. बरगड्या मोडल्या होत्या. पुढे डॉक्टर हसून म्हणाले, बरगड्या मोडल्या म्हणजे नीट दाबलं होतं.

आतला दिवस फार लांब असतो. पहाटे अंग पुसणार, मग एक्स-रेचं मशीन ढकलत येणार, मग डॉक्टरांचा घोळका, मग रक्त काढणार, मग काही नाही. काही नाही हेच सगळ्यात जास्त. मी छतावरच्या चौकोनांमध्ये मनातल्या मनात लिलाव करायचो. हा चौकोन बांगडा, हा म्हाकूल, हा कोळंबी. तोंडातून आवाज निघत नव्हता, पण आत मी पुकारतच होतो. जेटीची इतकी आठवण यायची की डिझेलच्या वासासाठी जीव कासावीस व्हायचा. सकाळी पहिला ट्रॉलर लागतो, तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, वरून ओरडतो, आणि मासळीचे टब उतरायला लागतात, एवढंच एकदा बघायला मिळू दे म्हणायचो.

नळी काढली त्या दिवशी पाणी द्यायला बंदी होती. एका सिस्टरने बर्फाचा लहान तुकडा चमच्यावर घेऊन माझ्या जिभेवर ठेवला. जन्म बर्फात गेलेला माझा, खोऱ्याने बर्फ ओढलाय, शिव्या घातल्यात त्याला. त्या तुकड्याने मी रडलो. सिस्टर म्हणाली, काका, कोकणातले तुम्ही, बरे झालात की सुरमई आणायची. मी मान हलवली. ती सुरमई मी पुढे खरोखर पोचवली.

शैला रोज यायची. पाय चेपायची, तोंड पुसायची, सगळं करायची. पण डोळ्याला डोळा देत नव्हती. मला वाटलं दमली असेल.

अर्धा दिवस बंद

घरी आलो. बिनमिठाचं जेवण, गोळ्यांचा डबा, आणि अंगणात वीस पावलं. दीड-दोन महिन्यांनी काठी घेऊन जेटीवर गेलो. दाऊदभाई म्हणून आमचे एक ट्रॉलरवाले आहेत, माझ्याहून वयाने मोठे. त्यांनी मिठी मारली आणि रडायलाच लागले. रडता रडता म्हणाले, तुझ्यासाठी अर्धा दिवस लिलाव बंद ठेवला होता रे आम्ही.

आमच्या जेटीवर लिलाव एकाच कारणासाठी बंद राहतो. आपल्यातलं कोणी गेलं तर.

दाऊदभाईंना आपली जीभ घसरली हे कळलं, पण मी काय सोडतो की काय! खोदून खोदून विचारलं. चौथ्या दिवशी प्रकाशने कोल्हापूरहून फोन केला होता. फोनवर तो रडत होता आणि एवढंच म्हणाला होता, की वहिनीने डॉक्टरांना अवयव घ्या म्हणून सांगितलं. ऐकणाऱ्याने त्याचा जो अर्थ निघतो तो काढला. टब बर्फाखाली झाकले, सगळे टोप्या काढून उभे राहिले, आणि माझ्या नावाने जेटी गप्प झाली. दुपारी कळलं की मी आहे अजून, तेव्हा पुन्हा लिलाव लावला. दुसरा माणूस पुकारत होता म्हणे, त्याला कोणी ऐकतच नव्हतं.

पहिल्यांदा मला हसू आलं. स्वतःचा बंद स्वतः ऐकणारा मी एकटाच असेन. मग घरी येता येता हसू गेलं आणि त्या जागी दुसरंच काही बसलं. चौथ्या दिवशी? इतक्या वर्षांच्या संसाराला चार दिवस?

घरी शैला तांदूळ निवडत होती. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "चारच दिवस थांबलीस?"

तिला काय ते लगेच कळलं. इतके दिवस ती त्याचीच वाट बघत होती, असं तिच्या तोंडावरून वाटलं. तिने सूप खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक वयस्कर बाई होत्या, घाटावरच्या कुठल्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचंही हृदय असंच बंद पडलेलं. त्यांचा मेंदू संपला असं डॉक्टरांच्या तपासणीत ठरलं, दोन वेळा बघून, आणि घरच्यांनी अवयव दिले. त्यांची मुलगी शैलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. ती रडत म्हणाली की आईची दोन मूत्रपिंडंच उपयोगी पडली, बाकीचं शरीर आधीच खचत गेलं होतं. शैलाच्या डोक्यात तेवढं एकच राहिलं, की उशीर झाला की जातं.

आता ती मिरकरवाड्याची. लहानपणापासून ती एकच गोष्ट शिकलेली आहे: मासा आला की पहिला बर्फ. गप्पा नंतर, भांडण नंतर, रडणं नंतर. बर्फाला उशीर झाला की सोन्यासारखा माल कुजतो. चार दिवस ती त्या काचेतून मशीन बघत बसली, आणि चौथ्या दिवशी उठून डॉक्टरांकडे गेली. म्हणाली, हे परत येणार नसतील तर वेळेत सांगा, उशीर करू नका, त्यांचं जे चांगलं असेल ते कोणाला तरी द्या.

मी म्हटलं, "म्हणजे मला माल केलंस तू."

"माल नाय केला," ती म्हणाली. "फुकट जाऊ देणार नव्हते. तुम्हीच म्हणायचात."

मी म्हणायचो हे खरं होतं, हाच तर वांधा. आमच्याकडे लिलावाचा शेवटचा टब पुकारत नाहीत. म्हाताऱ्या बायका, ज्यांची माणसं समुद्रावरून परत आली नाहीत अशा, जेटीच्या कडेला बसलेल्या असतात. शेवटचा टब त्यांचा. मोजमाप नाही, भाव नाही. काही वर्षांपूर्वी जेटीवर नेत्रदानाचा फलक लावला होता, तो बघून मी शैलाला म्हटलं होतं, मी गेलो की शेवटचा टब समज आणि वाटून टाक. चेष्टेत म्हटलं होतं. तिने ते जपून ठेवलं होतं.

तरी माझा राग गेला नाही. उलट वाढला, कारण आता मला तिला बोलायला तोंड उरलं नव्हतं.

न भांडणारी बायको

पुढचे दोन-अडीच महिने कसे गेले ते मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो.

आमचं लग्न लिलावात जमलं. तिची आई आजारी होती म्हणून ती बोली लावायला यायची. अशी भांडायची माझ्याशी, की आख्खी जेटी बघत उभी राहायची. तिचा भाव यावा म्हणून मी मुद्दाम सावकाश पुकारायचो. बाकीच्या बायका म्हणायच्या, मेल्याला आज घाई नाय वाटतं. तेव्हापासून आम्ही भांडत आलो. जेवणात मीठ कमी, तरी भांडण, जास्त, तरी भांडण. भांडणाशिवाय आमचा दिवस उगवला नाही.

ती आता माझ्याशी भांडत नव्हती. मी काहीही म्हटलं तरी हो. गोळी घेतो म्हटलं, हो. घेत नाही म्हटलं, तर पाणी घेऊन शेजारी उभी. मला बरं झालेलं बघून लोक म्हणायचे, दैव बलवत्तर. मी मनात म्हणायचो, अर्धाच आलोय, अर्धा अजून त्या काचेच्या आत आहे, आणि माझी बायको काचेच्या बाहेर. मला ती जुनी शैला हवी होती. एक शिवी दे गो, एवढंच मागायचं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात तसं चाललं होतं, आणि मागायला तोंड उघडलं की बाहेर यायचं तेच. चारच दिवस?

तिने मला देवाकडे परत मागितलं होतं का, की नुसतं वाटून टाकलं, हे मला कळायला हवं होतं. तेवढ्यासाठी जीव तळमळायचा.

डॉक्टरांना विचारलं

तपासणीला कोल्हापूरला गेलो तेव्हा शैलाला बाहेर बसवलं आणि डॉक्टरांना सरळ विचारलं. माझ्या बायकोने तुम्हाला सांगितलं, त्या दिवशी तुम्ही ऐकलं असतं तर मी आज कुठे असतो?

डॉक्टर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन ठेवलं. म्हणाले, घरच्यांनी काहीही सांगितलं असतं तरी तुमच्या बाबतीत काही होणार नव्हतं. मेंदू पूर्ण संपलाय हे चार डॉक्टर तपासतात, काही तास सोडून पुन्हा तपासतात, आणि अवयव बसवणारं त्यात कोणी नसतं. तुमचा मेंदू गुंगीत होता, संपला नव्हता. मशीनवरच्या पेशंटला तर आम्ही आणखीच थांबतो. पूर्वी हृदय थांबलं की माणूस गेला, सोपं होतं. आता हृदय थांबलेलं असतं आणि रक्त फिरत असतं. घाईने बघितलं तर चूक होईल, म्हणून घाईच करायची नाही.

माझ्या मूत्रपिंडांसाठी कोण थांबलं होतं, असंही मी विचारलं. ते म्हणाले, मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत असूच नये.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकायला सोपं नव्हतं. पण खोटं बोलले नाहीत म्हणून मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, "सातव्या दिवशी मी तुमच्या घरच्यांना बसवून मशीन थांबवण्याबद्दल बोलणार होतो. ते कायम चालवता येत नाही. पण ते बोलणं वेगळं आणि अवयवांचं बोलणं वेगळं. पहिलं संपल्याशिवाय दुसरं निघत नाही, आणि दुसरं मी करतच नाही, त्याची माणसं वेगळी आहेत. तुमच्या मिसेसना मी तेच म्हटलं. अजून ते माझे पेशंट आहेत, मी त्यांच्या बाजूने उभा आहे, माझ्यासमोर हा शब्द काढू नका."

"मग ती काय म्हणाली?"

"जमिनीवर बसल्या. सिस्टरने उठवलं."

बाहेर आलो. शैला खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

फॉर्म

त्याच हॉस्पिटलात अवयवदानाचं बघणाऱ्या एक बाई आहेत, समन्वयक म्हणतात त्यांना. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या घरच्यांशी त्याच बोलल्या होत्या. त्यांच्याकडून मी मरणोत्तर अवयवदानाच्या संमतीचे फॉर्म मागून घेतले. स्वतःसाठी एक, आणि हाताला लागले म्हणून दोन-तीन जास्त आले, ते शैलाच्या पिशवीत राहिले. माझ्यासारख्याचं काय चालेल काय नाही, ते त्या वेळचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही इच्छा तर लिहा, असं त्या म्हणाल्या.

खरं सांगतो, मनात परोपकार नव्हता. फॉर्मवर साक्षीदार म्हणून एका जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मला शैलाचा हात बघायचा होता. तिने सही करायला नकार द्यावा, एकदा तुम्हाला द्यायला निघाले तेवढं पुरे म्हणावं, भांडावं, फॉर्म फाडावा, अशी माझी इच्छा होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाची ही अक्कल!

परवा दुपारी जेवणं झाल्यावर मी फॉर्म भरून तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, माझं नाव, वय, डोळे, मूत्रपिंडं, यकृत, सगळं. मग पेन उचललं आणि सही केली. सावकाश, पूर्ण नावाने. मी मनात म्हटलं, घे, मिळालं उत्तर.

तिने पेन माझ्याकडे दिलं नाही. पिशवीतून दुसरा कोरा फॉर्म काढला आणि म्हणाली, आता माझा भरा, माझं अक्षर बरं नाय.

मी भरला. नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. डोळे विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा. मूत्रपिंडं, लिहा. हृदय आलं तेव्हा मी थांबलो, ती म्हणाली, लिहा हो, पालीला एवढं ओझं उचलून धड राहिलंय ते. तिने खाली सही केली, आणि मग फॉर्म माझ्याकडे सरकवून साक्षीदाराच्या जागी बोट ठेवलं.

नातं, पती. तेवढं लिहिलं. पुढे सही करायची होती. माझा हात उठेना. मी शैलाच्या हाताकडे बघितलं, बर्फाने आणि काट्यांनी चिरा पडलेला तो हात, आणि डोळ्यांकडे बघितलं. आजारपणानंतर पहिल्यांदा ती सरळ माझ्याकडे बघत होती. धडधाकट माणूस समोर बसलंय, उद्या सकाळी टेम्पोत बसून पालीला जाणार आहे, आणि मला नुसतं नाव लिहायचं आहे, तेवढंही होईना. तिला मशीनवर, नळ्यांमध्ये, काचेतून बघत मी काय केलं असतं? मी तर त्या खुर्चीवर एक दिवस बसलो नसतो. पळून गेलो असतो.

मी म्हटलं, "शैला, माझ्याने होत नाही गो."

ती उठली, ताटं उचलली. आत जाता जाता, जुन्या आवाजात, जेटीवर भाव तोडायची त्या आवाजात म्हणाली, "घ्या की चार दिवस. मी पण घेतले होते."

फॉर्म गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलाय. ती पालीला गेली आहे, येताना माझ्यासाठी बिनमिठाची बिस्किटं आणणार आहे आणि मी नावं ठेवली की भांडणार आहे. आज तिसरा दिवस.